आईबद्दल लिहायला बसलं की नुसती विशेषणंच सुचतात

कोपऱ्यातला:
आई जाऊन तीन महिने होत आले. मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा दोनचा, त्याला आजी आठवणारच नाही म्हणून म्हटलं दोघांसाठी काहीतरी लिहून ठेवावं. चार पानं झाली. प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांना धरून राहणारी... वाचलं तर कुणाच्याही आईच्या फोटोखाली खपेल असं झालंय. बहिणीला पाठवलं तर ती म्हणाली, "ही बाई कोण?" त्यात मुलगी ठामपणे सांगते की आजी कध्धीच ओरडायची नाही. अहो मी शुद्धलेखनाच्या दहा चुकांसाठी दाराबाहेर उभा राहिलोय! आता नक्की कुणाबद्दल लिहू? कोणी असं लिहिलंय का, सुरुवात कुठून केलीत?

दुपारची_झोप:
विशेषणं खोडून टाका आणि ती काय करायची ते लिहा. माझी आई फोनवर दोन मिनिटं झाली की "बरं ठेव आता, बिल येतंय" म्हणायची, फोन फुकट झाले तरी शेवटपर्यंत. तिच्या नंबरांच्या डायरीत गेलेल्या माणसांची नावं खोडलेली नव्हती, बाजूला बारीक टिंब असायचं फक्त, आणि हे आम्हाला ती गेल्यावर कळलं कारण तिच्या हयातीत ती डायरी उघडून बघावी असं कुणाला वाटलंच नाही. "काटकसरी होती, माणसं जपणारी होती" असं लिहिलं असतं तर दोन्ही गोष्टी मेल्या असत्या.
आणि बहिणीला "आई कशी होती" असं विचारू नका, त्याचं उत्तर तुमच्या चार पानांसारखंच येईल. "आई चिडली की पहिलं काय करायची?" असं विचारा.

जुनाट_रेडिओ:
लिहिणं होईल हो निवांत, मला फोनची काळजी वाटतेय. आईंचा फोन बंद करून कपाटात ठेवलाय का? व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस वापरलं नाही तर अकाउंट डिलीट होतं, म्हणजे तुमच्या हातात महिनाभरच आहे असं धरून चाला. तुमच्या स्वतःच्या फोनवर तिचं चॅट उघडून मीडियासकट एक्स्पोर्ट करा, व्हॉइस नोट ओपस फाइल म्हणून येतात, त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मीडियासकट साधारण शेवटचे १०,००० मेसेजच येतात, तेव्हा जुनं काही असेल तर हाताने काढा. गुगल अकाउंट असेल तर तेही २ वर्षं कुणी उघडलं नाही की गुगल पुसू शकतं. कागदी फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, चिकट पानांच्या अल्बममधून हळूच सोडवा आणि मागे नावं पेन्सिलीने लिहा, पेनाने नको, शाई पुढे उमटते.

शेंडेफळ_२:
थोडं वेगळं मत. तुमची आई आणि तुमच्या मुलीची आजी या दोन वेगळ्या बायका आहेत, त्यांना एकीत कोंबू नका. आमची आजी मला खेळात मुद्दाम हरायची आणि पकडलं की साफ नाकारायची. हे बाबांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, त्यांना ती कधी जिंकूच द्यायची नाही! दुधापेक्षा साय प्यारी, दुसरं काय.
एक मात्र लवकर करा. मुलीला आत्ताच विचारा. सहाव्या वर्षी तीन-चार वर्षांची असतानाचं बरंच आठवत असतं, आठ-नऊपर्यंत त्यातलं खूपसं पुसून जातं. ती सांगेल तसं लिहा, मध्ये "तसं नव्हतं गं" करू नका. आणि दाराबाहेरचा प्रसंग ठेवाच, नुसती देवी करून ठेवलीत तर मुलं पान उलटतील.

वळचण:
भापो (भावना पोचल्या). शेंडेफळला +१.

कोपऱ्यातला:
सगळ्यांचे आभार. रेडिओभाऊ, फोन खरंच कपाटात होता, बंद. लगेच चार्जिंगला लावला. एकोणतीस व्हॉइस नोट निघाल्या, बहुतेक "हां, पोचलास का" एवढ्याच, पण एकीत आई आणि लेक दोघी आहेत, लेक तिला रेकॉर्ड करायला शिकवतेय आणि जोरात ओरडतेय, "आजी बोट सोडू नकोस!" आणि आई म्हणते "अगं मग बोलू कशी?" बोलायला बोटाचा काय संबंध देव जाणे. सगळं दोन ठिकाणी उतरवलं, बहिणीलाही पाठवलं.
चार पानं बाजूला ठेवलीत. लेक सांगतेय ते लिहून घेतोय, मध्ये बोलायचं नाही हे फार अवघड जातंय. एक शंका, फोटोचा कागद मागून गुळगुळीत आहे, पेन्सिल उमटतच नाहीये?

जुनाट_रेडिओ:
नंतरच्या काळातले फोटो तसेच असतात. जोर लावू नका, पुढे वळ दिसतो. कागदी पाकिटावर आधी नावं लिहा, मग फोटो आत घाला.