टीटीवायएस फाइल वाचायला स्वतःचा पार्सर कशाला?

औंधकर: आमच्या हिंजवडीच्या टीममध्ये फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हरसाठी ऑडिट टूल लिहिणं चालू आहे. कुठल्या टर्मिनलवरून थेट रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लॉगिन होऊ शकतं, एवढंच ते सांगणार. ही माहिती /ईटीसी/टीटीवायएस मध्ये असते. रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये स्वतःचा पार्सर (फाइल वाचून तुकडे वेगळे करणारा कोड) आहे, त्याने ती फाइल एसटीआरटोकने (सी भाषेतलं मजकूर तोडणारं फंक्शन) स्पेसवर तोडली आहे, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. ही ओळ बघा (टर्मिनल, त्यावर चालवायचा प्रोग्राम, टर्मिनलचा प्रकार, लाइन कधी चालू, आणि रूट लॉगिन चालतं ही 'सिक्युअर' खूण):

टीटीवाययू० "/यूएसआर/लिबएक्झेक/गेटी ३वायर" व्हीटी१०० ऑनइफकन्सोल सिक्युअर

अवतरणचिन्हांच्या आतही स्पेस आहे. तिथे तुकडा पडला की टर्मिनलचा प्रकार व्हीटी१०० ऐवजी ३वायर लागतो आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. हीच फाइल वाचणारं सी लायब्ररीतलं गेटटीटीवायएन्ट हे फंक्शन १९८६ च्या ४.३बीएसडीपासून (फ्रीबीएसडीची पूर्वज) आहे. ते नीट भरलेलं स्ट्रक्चर हातात देतं, 'सिक्युअर' आहे की नाही ते त्यातल्या टीवाय_स्टेटस या फील्डमधला एक बिट सांगतो. मग पुन्हा खटाटोप कशाला?

पौडफाटा: चूक एसटीआरटोकची आहे, पार्सर लिहिण्याची नाही. अवतरणं सांभाळणं काही अवघड काम नाही. तुमचं फंक्शन मात्र स्टॅटिक जागेचा पॉइंटर देतं. पुढची ओळ मागितली की आधीची पुसली! दोन थ्रेड वापरले तर संपलंच.

बिबवेवाडी_सी: लिनक्सचं काय? जीलिबसीमध्ये (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) फंक्शन आहे, पण ती फाइलच वापरात नाही. गेटी (टर्मिनलवर लॉगिन विचारणारा प्रोग्राम) तिथे सिस्टमडी ही सेवा चालवते. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत तर फंक्शनही नाही.

औंधकर: लिनक्ससाठी वेगळा कोड लागणारच, कारण तिथे वाचायचंच काहीतरी वेगळं आहे. स्टॅटिक जागेचा मुद्दा खरा, पण हवं ते फील्ड एसटीआरडपने (मजकुराची प्रत करणारं फंक्शन) उचलून ठेवता येतं. माझी खरी काळजी 'ऑनइफकन्सोल'ची आहे. कर्नलचा चालू कन्सोल असेल तरच ती लाइन सुरू, म्हणजे फाइल कितीही अचूक वाचली तरी उत्तर फाइलमध्ये नाहीच. ते कर्नलला विचारावं लागतं, आणि गेटटीटीवायएन्ट ते आतल्या आत विचारतं. प्रत्येकाने हे स्वतः लिहायचं का?

पौडफाटा: ते मान्य. पण गेटटीटीवायएन्टकडून फाइल संपली तरी नल (रिकामा पॉइंटर) आणि वाचताना चूक झाली तरी नल, हे ऑडिटमध्ये मला चालणार नाही. फाइल उघडलीच नाही तर सेटटीटीवायएन्ट (फाइल उघडणारं जोडीचं फंक्शन) शून्य देऊन सांगतं; मधेच वाचन फसलं तर अर्धी यादी पूर्ण समजून रिपोर्टमध्ये जाईल. माझ्या पार्सरमध्ये एफएरर (वाचताना चूक झाली का ते सांगणारं फंक्शन) तपासलेला असतो. रिव्ह्यूत मी त्याच्याच बाजूने मत देणार.