पटकीच्या औषधाला बंदुकीचा पहारा हवा का?

परळची सिस्टर
सुदानमधल्या लढाईत पसरलेल्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं, "सुदानमध्ये सलाईन पाठवणं म्हणजे बंदूकवाल्यांना रसद. आधी लढाई थांबू दे, मग औषध." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मी बावीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होते. पटकीचा पेशंट लढाई थांबायची वाट बघत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी राहते. डोळे खोल, आवाज बसलेला, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. सकाळी चालत आलेला माणूस रात्रीपर्यंत जातो. तोच वेळेवर सलाईन, ओआरएस मिळालं तर उठून बसतो. नीट उपचार झाले तर शंभरात एकही दगावू नये. खाटेला मधोमध भोक, खाली खुणा केलेली बादली. जेवढं गेलं तेवढं परत द्यायचं, इतकं साधं काम आहे हे.

सुदानची राजधानी खार्टूमला मे २०२५ मध्ये ड्रोनने वीजकेंद्रं पाडली, पंप बंद पडले, लोक मिळेल ते पाणी प्यायले. लढाईनेच वाढलेली साथ लढाई संपेपर्यंत तशीच सोडायची?

अनिकेत, डोंबिवली
ते वाक्य माझंच. जून २०२५ मध्ये सुदानच्या दारफूर भागात संयुक्त राष्ट्रांच्या १५ ट्रकांच्या ताफ्यावर हल्ला झाला, पाच माणसं गेली. त्यांना बायकामुलं नव्हती? माझे वडील ड्रायव्हर. ९३ च्या दंगलीत दुधाची गाडी घेऊन निघाले. बंदोबस्त देतो म्हणणारे नाक्यावर आलेच नाहीत. दगडाने डावा डोळा गेला. "दूध पोचलं पाहिजे" म्हणणारे घरी बसले होते. पाठवायचंच असेल तर पुढेमागे सैन्य द्या, नाहीतर पाठवू नका.

गिरणगाव
सैन्य दिलंत की दवाखान्यात कुणी येणार नाही. ऑक्टोबर १८९६, प्लेगचे दिवस. आर्थर रोडच्या रुग्णालयावर (आजचं कस्तुरबा) गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. का? नेलेला माणूस परत येत नाही, ही धास्ती. माझी पणजी तेव्हाच्या गोष्टी सांगायची, घरात ताप आला की आजारी माणसाला धान्याच्या कणगीमागे लपवायचे. पुण्यात रँडचे सोल्जर बुटांसकट देवघरात शिरले. २२ जून १८९७ ला काय झालं ते शाळेतलं पोरही सांगेल.

जोशीकाका, ठाणे
अहो, रँडचा जुलूम वेगळा आणि औषधाच्या गाडीला पहारा वेगळा! आणि दुसरी बाजू का सांगत नाही? त्याच साथीत हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याआधी पटकीच्या लशीसाठी तो बंगालमध्ये वस्त्यावस्त्यांत फिरला होता. लोक अडाणीपणाने पळाले असते तर सगळं गाव मेलं असतं. आजारी माणसाला लपवणं हे शौर्य नव्हे.

गिरणगाव
अडाणी कुणाला म्हणता? माझ्या पणजीला? हाफकिनच्या हातात सुई होती, बंदूक नव्हती. लोक त्याच्याकडे आले ते त्याने आधी आपला दंड पुढे केला म्हणून. माझंच म्हणणं मांडलंत की!

आणि वर्दीचंच बोलायचं तर हैती बघा. २०१० मध्ये तिथे पटकी आणली ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या घाणीने, नदीत सोडलेल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माफी मागायला २०१६ उजाडलं.

जोशीकाका, ठाणे
पणजीबद्दल बोललो नाही. शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

मेघना
तुम्ही १८९६ मध्येच अडकलात. आमच्या इमारतीत मागच्या पावसाळ्यात नळाला गटाराचा वास यायचा. तक्रार केली तर "वरची टाकी धुवा" म्हणाले. अकरा घरांत जुलाब लागले, तेव्हा कुठे खोदून फुटका पाइप सापडला. पाण्याचं बोला ना कुणीतरी! लशीचीही रड आहेच. ऑक्टोबर २०२२ पासून तुटवड्यामुळे दोनऐवजी एकच डोस देतात. हैदराबादच्या कंपनीने २०२३ अखेर ही लस पुरवणं थांबवलं. पहारा कशाचा करणार?

परळची सिस्टर
मेघना, पाण्याचं शंभर टक्के खरं.

अनिकेत, १९७१ चं बनगाव, पश्चिम बंगालच्या सीमेवरचं. बांगलादेशातून लढाईला घाबरून आलेले निर्वासित, जमिनीवर ओळीने पडलेले, सलाईन संपलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, सोडा पाण्यात कालवून ओआरएसची पिंपं भरली आणि नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. आईला पेला धरायला पहारा लागत नाही. सुदानमध्येही आज गल्लीगल्लीतली पोरंच हे करताहेत.

अनिकेत, डोंबिवली
ओआरएसचं पटलं. "आधी लढाई थांबू दे" हे चुकीचं लिहिलं होतं. पण ज्याचं पोट काही ठेवतच नाही त्याला सलाईनच लागतं, आणि ती खोकी कुणीतरी चालवतच नेणार. त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही, सिस्टर.

परळची सिस्टर
नाही दिलं. लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा सोडल्याचं लेखी घेतल्याशिवाय गाडी हलू नये, एवढं मी मान्य करते. आणि नको म्हणणाऱ्या ड्रायव्हरला कुणी भित्रा म्हणू नये. वडिलांना माझा नमस्कार सांगा.