मदत हवी आहे: राइखच्या ‘कॅरॅक्टर आर्मर’ला मराठी शब्द

विल्हेल्म राइख (१८९७–१९५७) या वादग्रस्त मनोविश्लेषकावर मी लेख लिहीत आहे. १९३४ मधील आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेतून झालेली हकालपट्टी, अमेरिकेतील ‘ऑर्गोन’च्या (त्याने मानलेल्या वैश्विक जीवनऊर्जेच्या) पेट्या, न्यायालयाच्या मनाईहुकुमानंतर १९५६ मध्ये जाळली गेलेली पुस्तके आणि तुरुंगातील मृत्यू हा भाग लिहून झाला आहे (पेट्यांचे समर्थन करण्याचा हेतू नाही). अडले आहे ते ‘कॅरॅक्टर आर्मर’पाशी, म्हणजे नकोशा भावनांपासून बचाव म्हणून माणसाच्या स्वभावात आणि शरीरात घट्ट बसलेल्या ताठर सवयींपाशी. त्या ओळखण्यासाठी रुग्ण काय बोलतो यापेक्षा तो कसा बोलतो, आणि पुढे तर आवळलेला जबडा, ताठ मान, रोखून धरलेला श्वास, यांकडे राइख अधिक लक्ष देत असे.

‘कवच’ म्हटले की कर्णाचे जन्मजात कवच आठवते, पण राइखच्या मते हे लहानपणापासून दडपणाखाली घडत जाते. ‘चिलखत’ मूळ जर्मन ‘पान्झर’ला जवळचे असले तरी ते हवे तेव्हा उतरवता येते, आणि इथे तर ते अंगावर आहे याची माणसाला जाणीवही नसते. ‘स्वभावकोष’ करून पाहिले, तो रेशमाच्या किड्याचा वाटला. माझ्याजवळच्या परिभाषाकोशात नोंद नाही. वाचक मानसशास्त्राचे नसल्यामुळे इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा नाही.

मराठीतून मानसशास्त्र शिकवणाऱ्यांत किंवा समुपदेशकांत यासाठी कोणता शब्द रुळला आहे, आणि तो स्नायूंच्या ताठरपणालाही चालतो का?