मर्यादित संख्येत काढलेल्या सुपरकारची किंमत दहा वर्षे टिकते का?

डाळमिलवाला, जळगाव

नमस्कार मंडळी. आमचा डाळमिलचा व्यवसाय आहे आणि धाकटा भाऊ दुबईत स्थायिक आहे. त्याला तेथील एका मालकाकडून पोर्श ९११ एस/टी ही गाडी मिळते आहे. पहिली ९११ जगासमोर आली ते वर्ष १९६३, म्हणून कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या या गाडीच्या साऱ्या जगासाठी मिळून १,९६३ गाड्याच काढायचे ठरवले. अमेरिकेत तिची मूळ किंमत सुमारे २ लाख ९० हजार डॉलर होती. हा मालक त्याच्या जवळजवळ दुप्पट मागतो आहे. भावाचे म्हणणे असे की निम्मे पैसे मी घालावेत, गाडी फारशी न चालवता दहा वर्षे वातानुकूलित गोदामात ठेवावी आणि मग विकावी. वडिलांचे म्हणणे, तेवढ्याचे सोने घ्या. जळगावच्या माणसाने याहून वेगळा सल्ला दिला असता तरच नवल. मला जाणून घ्यायचे आहे ते हे : गाडी मोजक्याच संख्येत निघाली एवढ्या एका कारणावर तिची किंमत खरोखर टिकते का? आणि उद्या ती जळगावला आणून नोंदवायची म्हटले तर ते शक्य आहे का?

चाळीसगावकर

भाऊ, एस/टीचा विचार करण्याआधी ९११ आर या गाडीचे काय झाले ते पाहून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. ती २०१६ मध्ये आली आणि तिच्या फक्त ९९१ गाड्या निघाल्या. चार लिटरचे इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि हलके वजन, असे त्या काळी पोर्शच्या दुसऱ्या कोणत्याच गाडीत एकत्र मिळत नसल्यामुळे गाड्या ग्राहकांच्या हाती पडतात न पडतात तोच विक्रेते मूळ किमतीच्या कित्येक पट मागू लागले. पुढच्याच वर्षी पोर्शने ९११ जीटी३ या गाडीचे टूरिंग रूप काढले. इंजिन त्याच ताकदीचे, गिअर हाताने बदलायचे आणि मागचा मोठा पंखही काढलेला. संख्येचे बंधन नाही आणि किंमतही कमी. आरचे भाव पाहता पाहता खाली आले. ते मूळ किमतीच्या खाली गेले नाहीत हे खरे. पण ज्यांनी उन्मादाच्या भरात घेतली होती, त्यांना ते समजून काय उपयोग? १,९६३ हा आकडा पोर्श पाळील यात शंका नाही, मात्र तसलीच दुसरी गाडी काढणार नाही असे तिने कोणाला लिहून दिलेले नाही.

संख्येचा आणि किमतीचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. फेरारी एफ४० चारशेच्या आसपास काढायची होती. १९८७ ते १९९२ या काळात प्रत्यक्षात तेराशेहून अधिक निघाल्या, तरीही आज ती गाडी लाखो डॉलरला जाते. उलट जॅग्वार एक्सजे२२० तीनशेसुद्धा निघाल्या नाहीत आणि तरी तिला अनेक वर्षे कोणी विचारत नव्हते. १९८८ मध्ये ती दाखवली तेव्हा बारा सिलिंडरचे इंजिन आणि चारही चाकांना ताकद असे सांगून पन्नास हजार पौंडांची अनामत घेतली गेली. प्रत्यक्ष गाडी आली ती सहा सिलिंडरची, मागच्याच दोन चाकांना ताकद देणारी आणि ठरल्यापेक्षा बरीच महाग. दरम्यान मंदी आली होती. व्यवहारातून सुटका व्हावी म्हणून काही ग्राहक न्यायालयात गेले. तिचे भाव सावरायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

ज्या गाड्या खरोखर वधारल्या त्यांत मला एक गोष्ट समान दिसते : त्यांच्यानंतर तशी गाडी पुन्हा निघाली नाही, आणि हे बाजाराला कळायलाही वेळ लागला. पोर्श कॅरेरा जीटीच्या १,२७० गाड्या निघाल्या, त्याही आधी ठरवलेल्या दीड हजारांपेक्षा कमी. काही वर्षे ती मूळ किमतीपेक्षा, म्हणजे ४ लाख ४० हजार डॉलरपेक्षा, स्वस्त मिळत होती. लेक्सस एलएफएच्या अवघ्या ५०० गाड्या असूनही काही गाड्या उत्पादन थांबल्यावर कितीतरी वर्षे अमेरिकेतल्या शोरूममध्ये न विकता उभ्या होत्या. टर्बो नसलेली, उंच फेऱ्यांपर्यंत जाणारी दहा सिलिंडरची इंजिने आता पुन्हा येणार नाहीत हे लोकांच्या लक्षात आले, तेव्हा दोन्ही गाड्यांचे दिवस पालटले. म्हणजे नफा झाला तो बहुधा पडत्या काळात घेणाऱ्याला. पहिल्या गर्दीत दुप्पट मोजणाऱ्याला नव्हे.

गॅरेजवाला, भुसावळ

मी पुण्यात परदेशी गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून फक्त गाडी उभी ठेवण्याविषयी लिहितो. दहा वर्षे न चालवलेली गाडी नवी राहते हा मोठा गैरसमज आहे. रबरी सील सुकतात, टायर न झिजताही वयाने निकामी होतात, ब्रेकचे तेल ओलावा धरते आणि इंधन खराब होते. एफ४० च्या टाकीत रबराची पिशवी असते आणि ती ठरावीक वर्षांनी बदलावीच लागते, मग गाडी एक किलोमीटर चाललेली असो की हजार. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा साध्या गाडीच्या डॅशबोर्डाचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. दुबईचा उन्हाळा त्याहून सौम्य नाही. त्यामुळे वातानुकूलित गोदामाचे भाडे हा चैनीचा खर्च नसून दर महिन्याचा अटळ खर्च आहे. हायब्रिड सुपरकारमध्ये, म्हणजे मॅक्लारेन पी१, पोर्श ९१८ किंवा लाफेरारी यांच्यात, याच्या जोडीला मोठ्या बॅटरीची काळजी येते. तुमच्या गाडीत ती नाही, हे तिच्या बाजूचे.

‘अजिबात चालवू नये’ हा मंत्रही सरसकट खरा नाही. मॅक्लारेन एफ१ च्या रस्त्यावर चालवायच्या अवघ्या ६४ गाड्या निघाल्या. त्यातली जेमतेम ३९० किलोमीटर चाललेली एक गाडी २०२१ मध्ये पेबल बीचच्या लिलावात २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली, हे सगळे सांगतात. मात्र अभिनेता रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये सुमारे ५ लाख ४० हजार पौंडांना घेतलेली एफ१ चाळीस हजार मैलांहून जास्त चालवली, तिला दोन अपघात झाले, दुसऱ्या दुरुस्तीचा विमा कंपनीला आलेला खर्च नऊ लाख पौंडांच्या वर गेला आणि तरीही २०१५ मध्ये ती सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. दुरुस्ती खुद्द कंपनीकडून झाली होती आणि प्रत्येक कामाचा कागद होता, म्हणून हे जमले.

एस/टी पाहायला जाल तेव्हा पोर्शच्या अधिकृत केंद्रातून इंजिनाच्या कंप्यूटरचा ओव्हर-रेव्ह अहवाल काढून घ्या. हाताच्या गिअरवर वरच्याऐवजी चुकून खालचा गिअर पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरते आणि त्याची नोंद कंप्यूटरमध्ये राहते. किलोमीटर कमी असलेल्या गाडीतही अशा नोंदी सापडतात, आणि पुढचा ग्राहक त्यावरूनच भाव पाडतो.

हिशेबनीस, धुळे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. भारतात आणायच्या मोटारीचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते आणि जुनी गाडी असेल तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली असावी लागते. दुबईतली गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे पहिल्याच अटीवर विषय संपला. उजव्या स्टिअरिंगची नवी गाडी परदेशातून तयार आणायची म्हटली, तरी चाळीस हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर सीमाशुल्क व अधिभार मिळून ११० टक्के, त्या बेरजेवर जीएसटी आणि वर महाराष्ट्राचा वाहनकर. येथे मोजलेल्या पैशांतला मोठा भाग गाडीचा नसून कराचा असतो, आणि तो भाग परदेशातला कोणताही ग्राहक तुम्हाला परत देणार नाही.

पैशांच्या बाजूने पाहता, निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. दुप्पट भावाच्या गाडीचा निम्मा वाटा त्या मर्यादेच्या वर जातो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक सर्वसाधारणपणे २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, कापून घेते. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. व्यक्तिगत वापराची मोटार विकून झालेला फायदा आपल्याकडे भांडवली नफ्यात धरला जात नाही, असे कोणी तुम्हाला सांगेल. ते खरे आहे. मात्र जी गाडी वापरायचीच नाही असे आधीच ठरवून गोदामात ठेवली, तिला व्यक्तिगत वापराची कसे म्हणणार? शिवाय गाडी भावाच्या नावावर राहणार. तुमच्या निम्म्या वाट्याचा लेखी करार झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. सख्ख्या भावांतही कागद असावा.

डाळमिलवाला, जळगाव

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, आभारी आहे. वाट्याच्या कराराचा मुद्दा भावाला आजच कळवतो. एकच शंका उरते : हीच गाडी मूळ किमतीला मिळाली असती, तर आपले मत बदलले असते का?

चाळीसगावकर

बदलले असते, पण त्या किमतीला ती सहसा जुन्या, कंपनीशी घरोबा असलेल्या ग्राहकालाच मिळते, आणि लगेच विकून टाकू नये म्हणून त्यालाही कंपन्या बांधून घेतात. अमेरिकेत एस/टी पहिले वर्षभर भाडेकरारावरच दिली गेली. फोर्डने आपली जीटी ही गाडी विकताना दोन वर्षे न विकण्याची अट घातली होती आणि ती मोडल्यावरून २०१७ मध्ये अभिनेता जॉन सीना यांच्यावर दावा लावला होता.

सोन्याशी तुलना करायचीच असेल तर विकण्याच्या दिवसाची करा. सराफ बाजारात कोणत्याही पेढीवर तासाभरात मोड होते आणि दर सकाळी जाहीर असतो. अशा गाडीचा दर म्हणजे त्या दिवशी लिलावात हात वर करणारी दोन माणसे. खरेदीदाराला बोलीवर साधारण दहा-बारा टक्के वेगळे द्यावे लागतात, ते तो बोलीतूनच वजा करून ठेवतो. आखातातली गाडी युरोपात विकायची तर घेणाऱ्याला दहा टक्के आयातशुल्क आणि त्यावर व्हॅट पडतो, म्हणून तोही तितके कमी देतो. गोदाम, विमा आणि देखभाल धरली तर दुप्पट भावात घेतलेली गाडी दहा वर्षांनी त्याच भावात गेली तरी तुम्ही तोट्यात असाल. भावाला ती चालवण्याची हौस असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने जरूर घ्यावी. तुमचा वाटा मात्र या भावात मी घालणार नाही. नाहीतर दोन-तीन वर्षे थांबा, पोर्श हाताच्या गिअरची पुढची गाडी कोणती काढते ते पाहा. मधल्या काळात विक्रेत्याकडे ओव्हर-रेव्ह अहवाल मागून ठेवायला हरकत नाही, आणि तो द्यायला त्याने टाळाटाळ केली तर पुढचे बोलणेच करू नका.