मालदीवची सात रात्रींची डाइव्ह बोट: २० किलोत काय काय बसवू?

पाण्याला_नवी, गंगापूर रोड

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही दोघं मालदीवला लिव्हअबोर्डवर चाललोय. रिसॉर्ट नाही, सात रात्री बोटीवरच झोपायचं, तिथेच जेवायचं आणि रोज तीन स्कूबा डाइव्ह. ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स, मी अंदमानात हॅवलॉकला केला, पुढचा ॲडव्हान्स्ड मुरुडेश्वरला, नेत्राणी बेटापाशी. एकूण डाइव्ह २६. नवऱ्याच्या ३१ झाल्यात आणि हे तो दर दोन दिवसांनी आठवण करून देतो.

अडचण सामानाची आहे. चेक-इन २० किलो, हातात ७. आजवर सगळं भाड्याचंच वापरलं. बोटवाल्यांनी यादी पाठवली ती चार ओळींची: पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन, टोपी, आनंदी मन. आनंदी मनाचं वजन किती धरायचं ते लिहिलेलं नाही. इकडे हॉलमधल्या दिवाणावर ढीग लागलाय आणि सासूबाई त्यात रोज भर घालतायत. परवा मेथीचे लाडू आले, काल चिवडा. आज सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि देवघरातला बोटभर पितळी गणपती, "समुद्रात जातेस, असू दे सोबत" म्हणून. मित्रमंडळींचं म्हणणं, नाशिकहून जाताय तर बोटीवरच्या लोकांना वाइनची बाटली न्या.

तर विकत काय घेऊ आणि भाड्याने काय? वेटसूट ३ मिमीचा पुरेल का? मला चष्मा आहे, उणे साडेचार. आणि बोटीवर गेल्यावर "अरेरे, हे आणायला हवं होतं" असं तुम्हाला कशाबद्दल वाटलं, तेही सांगा.

निवृत्त_ओझरकर

मुली, तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून अगं-तुगं करतोय. ओझरला विमानाच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली. डाइव्हिंग वयाच्या ५१व्या वर्षी शिकलो आणि अशा चार सहली झाल्या. पहिलीत सगळं चुकलं, म्हणून तीच सांगतो.

मी कडक सुटकेस नेली होती. आत इस्त्रीचे पाच शर्ट आणि रात्रीच्या जेवणाला घालायची पँट. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या एका पोराने बूट काढून टोपलीत टाकायला लावले, ते आठव्या दिवशी परत दिसले. आठवडाभर सगळे अनवाणी आणि हाफ चड्डीत. केबिन रेल्वेच्या कूपेएवढी, सुटकेस पलंगाखाली जाईना. मग सात रात्री ती पलंगावर पायाशी आणि माझे गुडघे पोटाशी. तेव्हा बॅग कापडीच घे, रिकामी झाली की घडी होणारी. कपडे निम्मे कर, मग त्याचेही निम्मे कर. टॉवेलऐवजी दोन पंचे. टर्किशचा टॉवेल खाऱ्या हवेत वाळत नाही, तिसऱ्या दिवशी कुबट येतो.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या दिवशी १४ मीटरवर असताना श्वास घेतला तर तोंडात पाणी. रेग्युलेटरचं (टँकमधली हवा तोंडात देतो त्याचं) रबरी माउथपीस माझ्या दातात आणि रेग्युलेटर छातीशी लोंबतोय. माउथपीस धरून ठेवणारा प्लास्टिकचा टाय तुटला होता. जोडीदाराचा ऑक्टोपस, म्हणजे त्याचा जादाचा रेग्युलेटर, घेतला, सावकाश वर आलो, कोणाला काही झालं नाही. पण आख्खं आयुष्य विमानाच्या नटाला लॉकवायर बांधणारा माणूस मी, एकाचं काम दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय विमान हलू न देणारा, आणि स्वतःच्या तोंडातला टाय बघितला नाही. वर आल्यावर बॅगेत पाच शर्ट होते, टाय एकही नव्हता. शेवटी बोटीवरच्या आचाऱ्याने तांदळाच्या पोत्याचा टाय काढून दिला. त्यावर उरलेल्या डाइव्ह केल्या.

तेव्हापासून सामान भरताना एकच विचार करतो. शर्ट नसला तर काही अडत नाही. कोणती बारकी वस्तू नसली तर मला डेकवर बसून इतरांना पाण्यात उड्या मारताना बघावं लागेल? ती आधी बॅगेत. माझ्याकडे हिंगाची रिकामी डबी आहे, त्यात मावेल तेवढंच नेतो: काळे टाय दहा, एक माउथपीस, मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा बकलसकट, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणि ०१४ नंबरच्या ओ-रिंगा सहा. व्हॅसलीन नको, ते रबर फुगवतं. ०१४ म्हणजे टँकच्या तोंडाशी, रेग्युलेटरचा क्लॅम्प बसतो तिथली रिंग, आतला व्यास साधारण अर्धा इंच. बोटीवर असतातच, पण सकाळी सहाला फुस्स आवाज आला की शोधाशोध करण्यापेक्षा आपली बरी. गंमत म्हणजे हा नंबर एएस ५६८ या मापातला, आणि त्यातलं एएस म्हणजे एरोस्पेस स्टँडर्ड. पहिल्यांदा ती रिंग हातात घेतली तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखं वाटलं. सातपूर-अंबडला एमआयडीसीच्या आसपास ऑइल सीलच्या दुकानांत विचार, नंबर सांगितलास तर बहुतेक तिथेच काम होईल.

२६ डाइव्हवर रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) विकत घेऊ नकोस. भाड्याने घे, पण माउथपीसचा टाय स्वतः ओढून बघ. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) आणि एसएमबी (हवा भरून पाण्यावर उभी करायची खुणेची नळी) मात्र स्वतःचंच हवं. मास्कला नंबरच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात, उणे साडेचार अवघड नाही. जुना मास्क दुसरा म्हणून ने. नवीन काचेवर आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टचा हात दोन-तीनदा फिरव, नाहीतर धुकं धरतं. चष्मा चोळायचा तसंच, बोटानेच. फिन्स, बूट, सूट, मास्क, एसएमबी मिळून सात-आठ किलोच्या वर जात नाही. मास्क, कॉम्प्युटर आणि चष्मा हातातल्या बॅगेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँकही हातातच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. सुरी घरी ठेव.

एसएमबी हा हट्ट का, तेही सांगतो. तिकडे बऱ्याच डाइव्ह 'कंडू'त असतात, म्हणजे अटॉलच्या (प्रवाळाच्या कंकणाच्या) दोन कडांमधल्या खिंडीत. भरती-ओहोटीचं पाणी तिथून मुसंडी मारतं. गटापासून सुटलीस तर वर येईपर्यंत कुठल्या कुठे गेलेली असतेस, आणि लाटांत तुझं डोकं नारळाएवढंसुद्धा दिसत नाही. उभी राहिलेली केशरी नळी मात्र 'डोणी'वरच्या माणसाला लांबून दिसते. डोणी म्हणजे मोठ्या बोटीबरोबर चालणारी छोटी बोट. टँक, कॉम्प्रेसर, आपले सूट सगळं तिच्यावर आणि उड्याही तिच्यावरूनच. नळीचं रीळ नुसतं घेऊन जाऊ नकोस. गच्चीवर जाऊन दोरा सोडायची आणि गुंडाळायची सवय कर. संक्रांतीला आसारी धरली असशील तर हाताला लगेच जमेल. (उंचवट्यांना तिकडे थिला आणि गिरी म्हणतात. आपली गिरी आभाळात, त्यांची पाण्याखाली.)

सूट ३ मिमीचा, पूर्ण बाह्यांचा. पाणी २७ ते ३० अंश असतं, पहिल्या दिवशी वाटेल की याचीही गरज नाही. पण रोज तीन वेळा तास-तासभर भिजलं की चौथ्या दिवसापासून हुडहुडी भरते. डोणीवर ओल्या अंगाला वारा लागतो, त्यासाठी आपली साधी विंडचीटर ने.

ओल्या सामानाला जाळीची पिशवी लागते, दुकानात महाग. मी डोकं लढवून लासलगावच्या मेहुण्याकडून कांद्याची लाल जाळीची गोणी नेली. हवा खेळते, पाणी निथळतं, वजन काही नाही. बोटीवर परदेशी मंडळी फोटो काढत होती, मी फुशारलो. पण उन्हात दोन दिवसांत तिचे धागे सुटून वाऱ्यावर समुद्रात उडायला लागले, आणि गाईडने सगळ्यांसमोर मला ती गुंडाळून आत ठेवायला लावली. बरोबरच होतं त्याचं. आता बायको पडद्याच्या नायलॉन जाळीची पिशवी शिवून देते. कपड्यांचे चिमटे मात्र दहा तरी ने, कठड्यावर वाळत घातलेलं काहीही उडतं.

एक शेवटचं. चार्जिंग रात्री केबिनमध्ये नाही. डेकवर, दिवसा, समोर बसून. २ सप्टेंबर २०१९ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट पहाटे जळाली. ३४ माणसं गेली, सगळी खालच्या बंकमध्ये झोपलेली. आग कशाने लागली ते ठामपणे ठरलं नाही, पण रात्री पहाऱ्याला कोणी जागं नव्हतं हे चौकशीत निघालं. बोटीवर गेल्यावर केबिनमधून वर यायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते विचार आणि त्याने एकदा चालून बघ. लोक हसतात. हसू दे.

कानसेन

काकांनी यंत्राचं सांगितलं, मी कानाचं सांगतो, पोट त्यावरच आहे.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायचा स्प्रे मारून उतरणारे माझ्याकडे येतात. खाली असताना औषध उतरलं की हवा आत कोंडते आणि वर येताना कळवळायला होतं. जायच्या आधीचे आठ दिवस लग्नकार्यांची गर्दी टाळा.

कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना? नाशिकहून पार मुंबईच्या समुद्रसपाटीला उतरलात तरी कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात सव्वादोन फुटांतच वाढतो. म्हणून कान पहिल्या मीटरपासूनच मोकळे करत जा. दुखायला लागल्यावर नव्हे.

बोट लागण्याची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी एखाद्या रविवारी घेऊन बघा. काहींना इतकी झोप येते की पाण्यात जायची सोय राहत नाही. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी हवं. आठवडाभर डाइव्ह केल्यावर मी २४ धरतो. बोटवाले शेवटचा दिवस मोकळा ठेवतात तो यासाठीच, त्यांच्याकडे उगाच जादा डाइव्ह मागू नका. प्रवास विम्यात स्कूबा आहे का आणि किती मीटरपर्यंत, ते बारीक अक्षरांत वाचा.

सिडकोची_मासोळी

अगं, पुरुषांनी न सांगितलेलं मी सांगते. पोहण्याचे पोशाख दोन हवेतच. ओला पोशाख पहाटे अंगावर चढवणं ही शिक्षा आहे. पाळी यायची असेल तर कप किंवा टॅम्पॉन पुरेसा घेऊन जा, तिथे मधेच दुकान नाही. शार्क रक्ताच्या वासाने येतील वगैरे ऐकशील, सोडून दे. मी त्या दिवसांत रीफ शार्कच्या घोळक्याशेजारी तरंगलेय, त्यांनी ढुंकून बघितलं नाही. लांब केसांना तेल लावून घट्ट वेणी, पण कपाळाला तेल नको, मास्क सरकतो.

खोबऱ्याच्या वाट्या काढ. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून विमानाच्या बॅगेत चालत नाही. लाडू-चिवडा खुशाल ने. दुसऱ्या डाइव्हनंतर जी भूक लागते तिला तिकडचा पास्ता पुरत नाही. नाश्त्याला तिकडे मासहुनी असते, म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची. शाकाहारी असाल तर आत्ताच कळवून ठेवा.

वाइन अजिबात नाही. मालदीवमध्ये दारू बाहेरून नेता येत नाही, विमानतळावर ठेवून घेतात. बोटीवर परवाना असेल तर तिथेच मिळते. आणि गणपतीबाप्पाला घरीच राहू दे. पूजेच्या मूर्ती आणायला त्यांच्या कस्टम्सची बंदी आहे. सासूबाईंना सांगणं अवघड, हे मला मान्य.

पाण्याला_नवी, गंगापूर रोड

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना घाबरत घाबरत सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग तो इथूनच बघेल", आणि मूर्ती देवघरात ठेवून लाडवांचा डबा मोठा केला. खोबऱ्याची आज चटणी झाली.

काल ढीग पुन्हा मांडला. कपडे निम्म्याचे निम्मे केले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर बॅग ठेवली: १७ किलो ४००, लाडवांसकट. नवऱ्याची २३ भरली. त्याने कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घेतलाय, पाण्याखाली कशाला ते विचारू नका.

काका, अंबडला गेले होते. दुकानदाराने ०१४ म्हटल्यावर लगेच काढून दिल्या, वर विचारलं, "मॅडम, कोणतं मशीन?" मी म्हटलं, "माझंच." आता डबी हवी. घरात हिंगाची रिकामी आहे, चालेल ना?

निवृत्त_ओझरकर

चालेल, पण दोनदा साबणाने धुऊन चार दिवस उन्हात ठेव. मी नुसती पुसली होती. चार सहली झाल्या तरी नवीन माउथपीस लावलं की पहिल्या डाइव्हला वरणाला फोडणी दिल्यासारखं वाटतं.