बाळंतिणीच्या सव्वा महिन्यावर प्रबंध करायचा आहे; काय विचारावे आणि कोणत्या शब्दांत?

प्रश्न : नर्सिंगची विद्यार्थिनी, बीड जिल्हा

मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात असून प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा माझा विषय आहे. प्रबंधासाठी आमच्याकडे बहुतेक जणी एकाच साच्याचा विषय निवडतात : गरोदर स्त्रियांना एखादी माहिती द्यायची, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुण वाढले असे दाखवायचे. मला तसे करायचे नाही. जवळचे माणूस शेजारी उभे असले की बाई कळा किती वेगळ्या रीतीने सोसते हे मी प्रसूती कक्षात पाहिले आहे, म्हणून आधी तोच विषय मनात होता. परंतु घरी गेल्यावर त्याच बाईचे पुढे काय होते, हे आमच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये सापडत नाही. दीड महिन्याने ती बाळाच्या लसीसाठी येते, तेव्हा वजन बाळाचे होते, कार्ड बाळाचे पाहिले जाते, आणि ती मात्र बाकावर एकाच मांडीवर भार देऊन बसलेली असते, कारण टाक्यांची जागा अजून दुखत असते. साठ-सत्तर मातांना मी भेटू शकेन. या दोहोंपैकी कोणता विषय घ्यावा?

उत्तर : नर्सिंग अध्यापिका, लातूर

दुसरा विषय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबतीचा लाभ होतो हे नव्याने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. जगभरच्या वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतील १५,८५८ स्त्रियांची माहिती होती आणि ज्यांना कळांच्या काळात सतत सोबत मिळाली त्यांच्यात नैसर्गिक प्रसूती अधिक व सिझेरियन कमी आढळले. केंद्र शासनानेही २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीला मुभा दिलेली आहे. ती प्रत्यक्षात का मिळत नाही, हा वेगळा आणि चांगला विषय आहे, पण त्यात स्त्रीपेक्षा व्यवस्थेच्याच मुलाखती जास्त घ्याव्या लागतील.

प्रसूतीनंतरच्या काळाचे तसे नाही. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले, तर देशाचा आकडा ९७ होता. मृत्यू कमी झाले ही मोठी गोष्ट आहे, परंतु वाचलेल्या स्त्रीच्या वेदना त्या आकड्यात येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्या २४ तासांनंतर किमान तीन भेटी सांगितल्या आहेत : ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. आपल्याकडे यांपैकी कोणत्या भेटीत आईला काय विचारले गेले, इतके तुम्ही शोधले तरी प्रबंध सार्थकी लागेल.

मनःस्थितीसाठी, म्हणजे बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी, एडिनबरा प्रश्नावली वापरता येईल. ती १९८७ पासून वापरात आहे आणि तिच्यात दहाच प्रश्न आहेत. मात्र तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला "हो" असे उत्तर आले तर त्याच दिवशी त्या बाईला कोणाकडे न्यायचे, हे आधी ठरवा आणि नैतिकता समितीच्या अर्जात लिहा. ही सोय झाल्याशिवाय एकाही मातेसमोर तो कागद ठेवू नका.

उत्तर : निवृत्त एएनएम (गावपातळीवरची सरकारी परिचारिका), धारूर तालुका

ताई, विषय चांगला आहे, पण प्रश्नावलीची भाषा आधी बदला. "गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास आहे का?" असे विचारले तर बाई नाही म्हणते. "अंग बाहेर येतं का?" असे विचारले की ती मान खाली घालते आणि थोड्या वेळाने बोलू लागते. तसेच "अंगावर पांढरं जातं का?", "खोकलं की लघवी सुटते का?" असे विचारावे. हे शब्द छापील कागदावर ओबडधोबड वाटले तरी तेच ठेवा, कारण उत्तर त्यांनाच मिळते.

दुसरे म्हणजे, आपल्या भागात दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. पण बाई जर उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) बाळंत झालेली असेल, तर तिच्या गावच्या आशाताईने जायचे कुठे? मी अशा एकीचे गरोदरपणाचे कार्ड पाहिले होते. तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. सहाव्या महिन्यापर्यंत सगळ्या नोंदी होत्या आणि त्यापुढचे रकाने कोरे होते. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तेव्हा अशा मातांना अवश्य भेटा, नाहीतर तुमच्या नमुन्यात फक्त गावात राहिलेल्याच येतील.

उत्तर : एक आई, परभणी

मी या क्षेत्रातली नाही, तरी लिहिते. माझी दुसरीही मुलगीच. पाचवीला आलेल्या बायका "पुढच्या वेळी होईल" असे म्हणून गेल्या आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी बाळाला पाजताना रडत असे. घरात शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळे वेळेवर होत होते. आईने माझ्यासाठी काही कमी केले नाही. तपासणीला गेले त्या रुग्णालयात टाके पाहिले आणि दोन मिनिटांत बाहेर पाठवले. त्या दिवशी कोणी "झोप लागते का?" एवढे विचारले असते, तरी मी सगळे सांगितले असते. तुमच्या यादीत हा प्रश्न पहिला ठेवा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. प्रसूतीनंतरचाच विषय घेते, आणि पहिला प्रश्न झोपेचाच ठेवते. मॅडम, मुलाखती मार्चअखेरीनंतर घेता येतील अशा रीतीने वेळापत्रक आखून समितीकडे अर्ज करीन. एएनएम ताई, एकच विचारायचे आहे : घरी गेल्यावर सासूबाई किंवा आई शेजारून हलत नाहीत, तेव्हा बाई मोकळेपणाने कशी बोलेल?

उत्तर : निवृत्त एएनएम, धारूर तालुका

पहिल्या भेटीत सासूबाईंशीच बोला. बाळाला कसे न्हाऊ घालता, शेक कसा देता, हे त्यांना मनापासून विचारा, कारण त्यांनाही कोणी विचारत नाही. कागद त्या दिवशी काढू नका. दुसऱ्यांदा दुपारी जा. तोवर मोठी माणसे शेताकडे गेलेली असतात किंवा पडलेली असतात, आणि बाई बाळाला घेऊन आतल्या खोलीत एकटी असते.