पहिली गाडी आणि तिचा विमा: तिशीच्या आतल्यांचे अनुभव

मंडळी, माझ्या भाच्याला नोकरी लागली आणि घरात गाडीचा विषय सुरू झाला. मायलेज, रंग, हप्ता, पार्किंग, सगळ्यावर तासन्‌तास बोलणं झालं. विम्याचं नाव निघालं तेव्हा मात्र ‘ते शोरूमवाले बघतात’ एवढ्यावर विषय मिटला. अनेक घरांत हेच होतं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. गाडी ठरते त्याच क्षणी अर्धा विमाही ठरून जातो. इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी, पासिंग कुठलं, यावर पुढची कित्येक वर्षं पैसे जातात. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत ठरवायला हव्यात. तिशीच्या आत, स्वतःच्या कमाईतून, बेताच्या बजेटमध्ये पहिली गाडी घेतलेल्यांनी लिहा: कोणती घेतली, का घेतली, विमा कसा निवडला, क्लेम करायची वेळ आली तेव्हा काय झालं. या क्षेत्रात काम केलेल्या ज्येष्ठांनीही जरूर लिहावं.

नाशिक, वय २४, सातपूरला नोकरी

मी ऑगस्ट २०१९ ची सेकंडहँड वॅगन आर घेतली, एक लिटर इंजिनाची. महिना मुद्दाम लिहितोय. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये या दोन्ही असतीलच असं नाही. म्हणून शोधताना पहिली चाळणी तारखेची लावली. शेजारच्या सीटलाही एअरबॅग नक्की हवी असेल तर २०२२ पासूनच्या गाड्या बघा.

एक लिटरच का, याचं कारण विम्यात आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनावर जातो. जून २०२२ ला ठरलेले दर असे: १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. शिवाय १८ टक्के जीएसटी. चालकाचं वय यात कुठेच येत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला आणि पन्नाशीच्या काकांना दर एकच.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या काकांची पॉलिसी अजून काही महिने शिल्लक होती. मधला एजंट म्हणाला, ‘फुल इन्शुरन्स चालू आहे, बिनधास्त चालवा.’ थर्ड पार्टीपुरतं ते खरं आहे, कारण कायद्याने तो भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय उपयोगाचा नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. मी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या त्याच आठवड्यात तो केला. काकांना ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) होता. तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तेवढा फरक मला भरावा लागला. गाडीची किंमत ठरवतानाच हा फरक धरून ठेवा.

काकांचं गाडीवरचं कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेले पैसे दिले.

चिपळूण, वय २७, पतसंस्थेत नोकरी

नाशिककर दादांनी कागद छान सांगितले. मी प्रत्यक्ष गाडीबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा गल्लीतल्या गाड्या टपापर्यंत बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या कितीतरी पुढे धुऊन-पुसून दुसऱ्या गावांत विकल्या गेल्या. त्यामुळे स्वतःसाठी सेलेरिओ बघताना माझं लक्ष सगळं तिकडेच होतं.

पाण्यातली गाडी ओळखायची तर आधी सीटबेल्ट ओढा, अगदी शेवटपर्यंत, अडेपर्यंत. वरचा हातभर पट्टा धुतात, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की तिथूनच परत फिरायचं. मग पुढची सीट पूर्ण मागे सारून खालच्या रुळांवर बोट फिरवा. तिथे आणि सीटच्या बोल्टवर गंज असेल आणि गाडी चारच वर्षांची असेल, तर विचारा हा गंज कुठून आला. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोलगट जागेत बॅटरी मारा. हेडलाइटच्या आत वाळलेल्या गाळाची पुटं दिसतात. आणि काचा बंद करून उन्हात उभी असलेली गाडी उघडली की पहिला वास येतो तो लक्षात ठेवा. एका गाडीत अत्तराच्या तीन बाटल्या लावलेल्या होत्या. मी ती घेतली नाही.

विम्यात मी इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळे पैसे भरून घेतलं. साध्या फुल पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान मिळतं, पण पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिन जॅम झालं, तर ते नुकसान कंपनी ‘पुढचं नुकसान’ म्हणून बाजूला काढते. इंजिनचं काम निघालं की बिल लाखाकडे जातं. कोकणात, सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी किंवा मुंबईच्या सखल भागात राहणाऱ्यांनी बाकी कव्हरांवर काटकसर करावी, यावर नाही. पाणी चढलंच तर गाडी सुरू न करता टो करून न्यायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पुणे, वय २६, नवी टियागो

मला नवीच हवी होती, कारण आईला घेऊन दर महिन्याला घाटातून गावी जावं लागतं आणि रस्त्यात बंद पडणारी गाडी परवडणारी नव्हती. टियागो घेतली ती २०२० च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीतले सुरक्षिततेचे चार स्टार बघून. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यानंतर बुकिंग केलं.

शोरूमने दिलेल्या ऑन-रोड कागदावर विमा ही एकच ओळ होती आणि पुढे एकच मोठा आकडा. मी त्याची फोड मागितली. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम भरावी लागते. माझ्या ११९९ सीसीला ती १०,६४० रुपये, हजार सीसीच्या आतल्या गाडीला ६,५२१. हा आकडा कुठेही तोच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि जादा कव्हरांमध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑनमध्ये. बाहेरून तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) धरून कोटेशन काढलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. बाहेरचा बराच स्वस्त निघाला. ‘बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही’ असं मला सांगण्यात आलं. कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल परस्पर गॅरेजला देणं, हे त्या कंपनीच्या यादीत आपलं गॅरेज आहे का यावर ठरतं. ती यादी मी फोनवर उघडून दाखवली, तेव्हा शोरूमनेच दर खाली आणला.

झीरो डेप (क्लेममधून घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, न कापणारं कव्हर) घेतलं, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट अशा वस्तूंचं) घेतलं, आणि पहिली तीन वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर खरेदीची किंमत देणारं) घ्यायचं ठरवलं आहे. चावी हरवण्याचं, सामानाचं कव्हर काढून टाकलं. पुणे आणि मुंबई विम्याच्या ‘ए’ झोनमध्ये येतात, बाकी महाराष्ट्र ‘बी’मध्ये, म्हणून साताऱ्याच्या मैत्रिणीचा आणि माझा प्रीमियम जुळला नाही तर गोंधळू नका.

कोल्हापूर, निवृत्त सर्व्हेअर

पोरांनो, तुम्ही चांगलं लिहिताय. ताईंनी ज्येष्ठांना बोलावलंय म्हणून लिहितो. क्लेम आला की नुकसान किती ते तपासायचं, हे माझं काम; आयुष्यभर ठोकलेल्या गाड्याच पाहिल्या. तरुण मालक गॅरेजमध्ये हमखास विचारायचा, ‘साहेब, फुल इन्शुरन्स आहे, मग मी पैसे का भरू?’

हिशेब समजून घ्या. गाडी साडेतीन वर्षांची, झीरो डेप नाही. समोरचा बंपर गेला, ८,००० रुपये. प्लॅस्टिक आणि रबराला ५० टक्के घसारा, म्हणजे ४,००० मिळणार. पत्र्याचं फेंडर ४,००० चं. पत्र्याचा घसारा वयाप्रमाणे चढतो, तीन ते चार वर्षांत २५ टक्के, म्हणजे ३,००० मिळणार. काचेला घसारा नाही. दोन्ही मिळून ७,०००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० वजा. बारा हजारांच्या सुट्या भागांवर हातात येतात सहा हजार. मजुरीवर घसारा लागत नाही, रंगाच्या साहित्यावर लागतो.

आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. एक छोटा क्लेम केला की तो शून्यावर येतो. म्हणून खरचटलं, पोचा आला, तर आधी गॅरेजचा अंदाज घ्या, पुढच्या वर्षीचा बोनस किती रुपयांचा होतो ते काढा, आणि मग क्लेम फॉर्मला हात लावा.

अजून एक कळकळीनं सांगतो. प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढून देणारे लोक आहेत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते आणि तुम्हाला आयडीव्हीएवढीच रक्कम मिळते. दोन हजार वाचवायला पन्नास हजारांची आयडीव्ही सोडलेली मुलं मी पाहिलीत. कर्ज अंगावर असेल तर हप्ते चालूच राहतात आणि गाडी नसते.

आणि गाडी मित्राला देताना त्याचं लायसन्स स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लायसन्स नसलेला चालक आणि दारू, या दोन कारणांनी गेलेले क्लेम मला कधीच वाचवता आले नाहीत.

लातूर, वय २५

थोडक्यात लिहितो. जुन्या आय१० ला बाहेरून सीएनजी किट बसवलं. किट आरसीवर चढवणं आणि पॉलिसीत लिहून घेणं, दोन्ही वेगवेगळी कामं आहेत. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, एवढाच जादा प्रीमियम आहे. एवढ्यासाठी न सांगता चालवणं मला पटलं नाही. माझ्या ओळखीतल्या एकाची न नोंदवलेल्या किटची गाडी जळाली आणि क्लेम अडकून पडला.

लेस्टर, इंग्लंड, वय २३, मूळ सोलापूरचा

तुमचं वाचून हेवा वाटतोय, कारण इथे सगळं वयावर आहे. मला मिळालेलं पहिलं कोटेशन मी बघत असलेल्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतं. भारतातला नो क्लेम बोनस इथल्या बहुतेक कंपन्या धरत नाहीत. आपल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण त्यावर विमा महाग. म्हणून आधी इथली टेस्ट दिली आणि मग गाडी शोधली.

मी गाडी शोधली तेव्हा इथे गाड्यांचे विम्यासाठी १ ते ५० असे गट होते, खालच्या गटाचा विमा स्वस्त. मी उलटीकडून सुरुवात केली: आधी खालच्या गटातल्या गाड्यांची यादी, मग त्यातली मिळेल ती. छोट्या इंजिनाची ह्युंदाई आय१० मिळाली. गाडीचा नंबर टाकला की सरकारी साइटवर एमओटीचा (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) सगळा इतिहास फुकट दिसतो, दर तपासणीला किती मैल झाले होते तेही. मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच कळतं.

चुलतभाऊ म्हणाला, विमा माझ्या नावावर काढ, माझं वय चाळीस आहे, स्वस्त पडेल. भावना चांगली होती, पण रोज चालवणार मी आणि मुख्य चालक म्हणून त्याचं नाव, याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. पॉलिसी रद्द झाली तर पुढची प्रत्येक कंपनी त्याबद्दल विचारते. त्याऐवजी मी मुख्य चालक आणि तो खरोखर अधूनमधून चालवतो म्हणून त्याचं नाव दुसरं, असं केलं. प्रीमियम उतरला. गाडीत ब्लॅक बॉक्स बसवून घेतला. वेग, ब्रेक, रात्रीचं चालवणं, सगळं तो नोंदवतो. मित्रांना ही पाळत वाटते. मला तरी नूतनीकरणाच्या वेळी तो उपयोगी पडला.

भारतातही जुलै २०२२ पासून विमा नियामकाने किती चालवता, कसं चालवता यावर आधारलेल्या कव्हरांना परवानगी दिली आहे. कमी चालवणाऱ्यांनी जरूर विचारून बघावं.

म्हापसा, वय २०

मी अजून शिकतेय, बाबांच्या सँट्रोवर. इथे विचारून घेतलं ते लिहिते: लर्निंग लायसन्स असेल, पुढे-मागे ‘एल’ लावलेला असेल आणि शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला असेल तर पॉलिसी चालते. यातली एक गोष्ट नसली तर कंपनीला नकार द्यायला जागा मिळते. म्हणून बाबा शेजारी बसल्याशिवाय मी कॉलनीच्या फाटकाबाहेरही जात नाही. एक प्रश्न: माझ्या स्कूटरच्या पॉलिसीत मालक-चालकाचा अपघाती विमा आहे. पुढे गाडी घेतली तर तो परत भरायचा का?

कोल्हापूर, निवृत्त सर्व्हेअर

बाळ, दोनदा भरायची गरज नाही. २०१९ पासून हा १५ लाखांचा विमा वेगळाही घेता येतो, आणि मालक एकच असेल तर एकदा घेतलेला पुरतो. गाडीची पॉलिसी काढताना फॉर्मवर ‘आधीच आहे’ हा पर्याय निवड आणि स्कूटरच्या पॉलिसीची प्रत जोडून दे. फक्त स्कूटर विकलीस किंवा तिची पॉलिसी संपली, की त्याच दिवशी गाडीवर हे कव्हर चढवून घे. आणि गाडीची पॉलिसी संपल्यावर ९० दिवस उलटू देऊ नकोस, नाहीतर साठलेला बोनस जातो.